चाकाची उंची

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आम्हा सीमाभागातल्या माणसांना कुणी आठवण करून द्यावी लागत नाही. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेले आणि आमचा प्रश्न सुरू झाला. परंतु त्याच दिवशी तिकडे नव्या मध्य प्रदेशाचा जन्म झाला, भोपाळ त्याची राजधानी झाली आणि जुन्या मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपूरचा तो मान गेला, हे आपल्या ध्यानात सहसा राहत नाही. सरकारी दप्तरांबरोबर नागपूरची अनेक मराठी कुटुंबे भोपाळला गेली. त्याच वर्षी 'हेवी इलेक्ट्रिकल्स' या सरकारी कंपनीची स्थापना झाली. ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या सहकार्याने भोपाळच्या पूर्वेला तिचा कारखाना उभा राहिला आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. पुढे १९७४ मध्ये ही कंपनी 'भेल'मध्ये विलीन झाली. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा ही त्या कारखान्याची वसाहत. माझे आतोबा बेळगावहून तिथेच नोकरीला गेले आणि पिपलानीचेच झाले.

गेल्या दिवाळीनंतर गोवा एक्सप्रेसने मी आत्याला भेटायला गेलो. आतोबा आता नाहीत. आत्याने ऐंशी ओलांडली असून तिचे गुडघे पार गेले आहेत. दारात आतोबांनी निवृत्तीच्या पैशातून २००४ साली घेतलेली पांढरी मारुती ८०० उभी होती आणि तिच्यावरून घरात चांगलीच जुंपली होती. आतेभावाचा मुलगा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याला गाडीला मोठी अलॉय चाके, रुंद टायर बसवायचे होते आणि स्प्रिंगा कापून गाडी दोन इंच खाली आणायची होती. आतेभावाला नेमके उलटे हवे होते. आईला खालच्या सीटवरून उठता येत नाही, शिवाय गल्लीतल्या गतिरोधकावर पोट घासते, म्हणून स्प्रिंगांत गट्टू घालून गाडी दोन इंच वर उचलावी, असे त्याचे म्हणणे. "काका, तुम्हीच सांगा," असे म्हणून मुलाने निवाडा माझ्यावर सोपवला. मी इतिहासाचा मास्तर, गॅरेजचा नव्हे. परंतु चाकालाही इतिहास असतो आणि मला मदत झाली ती त्याचीच.

आपल्या बैलगाडीचे चाक साडेचार-पाच फुटांचे का असते? मधे तुंबा, त्यात आरे, वर पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. सुताराने चाक घडवावे, लोहाराने धाव लालबुंद तापवून चढवावी आणि वर पाणी ओतावे. लोखंड आकसते आणि चाक जन्मभरासाठी बांधले जाते. या चाकाला स्प्रिंग नाही, हवा नाही. दगडाधोंड्यांशी सामना करायला त्याच्याजवळ एकच साधन आणि ते म्हणजे त्याचा व्यास. मी कागदावर गणित मांडले. वाटेत ३०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक फूट लांबीचा खड्डा आहे असे धरा. साडेचार फुटी चाक त्यात अवघे १७ मिलिमीटर खाली उतरते. दोन फुटी चाक ३९ मिलिमीटर, तर वीस इंची चाक ४९ मिलिमीटर. खड्डा तोच, पण लहान चाकाला तो जवळजवळ तिप्पट खोल. पूर्वजांनी हे गणित कागदावर मांडले नसेल. पाठीच्या कण्याने मात्र त्यांना ते शिकवले होते.

मोठ्या चाकाचा दोष असा की लोखंडी धाव रस्ता कापते. गाडीमागून गाडी त्याच रेषेतून जाते आणि खोल चाकोरी पडते. 'चाकोरीबद्ध' हा शब्द आपण माणसांना लावतो, पण तो आला आहे गाडीवाटेवरून. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये मांडली होती. ती विसरली गेली आणि १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने ती पुन्हा शोधली. आपल्याकडे त्याच्या नावाचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंज येथे निघाला आणि टायरच्या बैलगाडीचे नावच 'डनलॉप गाडी' पडले. आमच्या भागात उसाच्या फडावर ती अजून दिसते. तिचे चाक लहान झाले तरी चालले, कारण हिसका आता टायरमधली हवा सोसू लागली.

मोटारीच्या चाकाची कथाही अशीच आहे. १९०८ मध्ये आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'चे टायर तीस इंची होते, कारण अमेरिकेच्या खेड्यांत तेव्हा रस्ते नव्हतेच. फ्रान्समध्ये १९४८ साली दाखवण्यात आलेल्या सिट्रोएनच्या 'टू सीव्ही'साठी तर अट अशी होती की, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी अंडी फुटू नयेत. म्हणून तिला अरुंद पण उंच चाके आणि लवचीक स्प्रिंगा दिल्या. उलट इंग्लंडच्या गुळगुळीत डांबरी रस्त्यांसाठी १९५९ मध्ये इसिगोनिसने 'मिनी' काढली, तिला दहा इंची रिमा लावल्या आणि वाचलेली जागा प्रवाशांना दिली. तीन देश, तीन रस्ते, तीन चाके.

आपल्या वाट्याला अँबेसेडर आली ती पंधरा इंची रिमा घेऊन, फियाट चौदा इंची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा तिच्या बारा इंची चाकांकडे पाहून लोक हसले होते, हे मला शाळकरी वयातले चांगले आठवते. या खेळण्याचे घाटात काय होणार, असा तो सूर होता. परंतु तिचे वजन कमी होते आणि तोवर रेडियल टायरही आले होते. फ्रान्सच्या मिशेलिनने १९४६ मध्ये शोधलेल्या या टायरची बाजूची भिंत लवचीक असते आणि माथा रस्त्याला चिकटून राहतो. छोट्या चाकाने जे गमावले, त्यातले बरेचसे भिंतीच्या लवचीकपणाने भरून काढले. २००९ मध्ये रस्त्यावर आलेल्या नॅनोलाही बारा इंचीच रिमा होत्या. इंजिन मागे असल्यामुळे तिचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद होते. मॉडेल टीचेही तसेच होते, पुढे तीन इंच रुंद आणि मागे साडेतीन. शंभर वर्षांनी तोच विचार फिरून आला.

आता घरच्या गाडीकडे. टायरवर लिहिले होते : १४५/७० आर १२. म्हणजे रुंदी १४५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ७० टक्के, रचना रेडियल, रिम १२ इंची. हिशेब केला तर चाकाचा पूर्ण व्यास ५०८ मिलिमीटर, बरोबर वीस इंच. मुलाला हवा असलेला टायर १५५/६५ आर १३. त्याचा व्यास ५३२. व्यास २४ ने वाढला तरी गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे १२ मिलिमीटर, अर्धा इंच. मात्र वेगाचा काटा जवळजवळ पाच टक्के खोटा बोलू लागतो. तो ६० दाखवील तेव्हा गाडी ६३ ने धावत असेल. वळण घेताना रुंद टायर मडगार्डला आतून घासण्याची भीती, आणि लहान इंजिनाला उगाच जड चाक ओढावे लागणार.

स्प्रिंग कापण्याचा प्रश्न त्याहून गंभीर. या गाडीच्या पोटाखाली कंपनीने १७० मिलिमीटर जागा ठेवली होती. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर असावा. तसा असेल, तर दोन्ही चाके त्याच्या पाठीवर असताना उंचवट्याचा फक्त साडेतीन सेंटिमीटर भाग पोटाखाली येतो. पण आपल्या गल्ल्यांतले गतिरोधक बहुधा हौशी मंडळींनी एका रात्रीत घातलेले, अरुंद आणि वीतभर उंच. तो अख्खाच दोन चाकांच्या मधे येतो. त्यात पाच माणसे बसली की गाडी आणखी दबते. अशा रस्त्यावर दोन इंच खाली आणलेली गाडी म्हणजे तेलाची टाकी फोडून घेण्याची तयारी.

मग उचलावी का? आतेभाऊ विजयी मुद्रेने पाहत होता. एका गॅरेजवाल्याने तासाभरात गट्टू घालून देतो म्हणून त्याला सांगितलेही होते. परंतु गाडी उचलली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती कलते. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधे तिरपे होतात, त्यांची रबरी टोपणे फाटतात आणि आत धूळ गेली की सांधे वाजू लागतात. शिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले आहे.

दोघेही नाराज झाले. तेव्हा मी आत्याच्या शिवणाच्या डब्यातली फीत काढली आणि जमिनीपासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची चारही बाजूंनी मोजली. शेजारच्या क्वार्टरसमोर त्याच मॉडेलची, पण फार कमी वापरलेली गाडी होती. तिचीही मोजली. आमची गाडी मागच्या बाजूने पावणेदोन इंच बसली होती. वीस वर्षांत स्प्रिंगांनी मान टाकली होती आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधले तेल केव्हाच गळून गेले होते. गाडीची उंची वाढवायची नव्हतीच, हरवलेली परत आणायची होती.

नव्या स्प्रिंगा, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मूळ मापाचे चार नवे टायर आणि चाकांचे अलाइनमेंट, एवढेच केले. पुढच्या सीटवर काथ्याची चार बोटे जाड गादी घातली. मुलाची समजूत म्हणून रिमांना त्याच्या आवडीचा करडा रंग दिला. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा झाली म्हणायची.

निघण्याच्या दिवशी आत्या गादीवर बसली, पाय आत घेतले आणि कुणाचा हात न धरता स्टेशनवर उतरली. तिथल्या शेवटच्या गतिरोधकावर गाडी चढून उतरली तेव्हा आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो. पोट घासल्याचा आवाज आला नाही. "ह्यांच्या वेळी अशीच चालायची," एवढेच ती म्हणाली आणि खिडकीची काच खाली करू लागली.