सिक्यात्कीची खापरं आणि नाम्पेयो

मंडळी, आज आपण अमेरिकेतल्या ॲरिझोनात जाऊ. तिथे सपाट माथ्याच्या उंच खडकांवर होपी लोकांची गावं आहेत. त्यातल्या पहिल्या पठाराजवळ सिक्यात्की नावाचं एक जुनं, ओसाड गाव. १८९५ साली फ्यूक्स या पुरातत्त्वज्ञाने ते खणलं आणि थडग्यांतली शेकडो भांडी वॉशिंग्टनच्या संग्रहालयात नेली. पिवळसर वाडगे, आतून पंख, पिसं, चोची यांची वळणदार नक्षी.

पुढची गोष्ट अशी सांगतात, की खोदकामावर लेसू नावाचा मजूर होता. त्याच्या बायकोने, नाम्पेयोने, ती खापरं पाहिली आणि मेलेली कला पुन्हा जिवंत झाली. गोष्ट छान आहे, पण साहेबाच्या सोयीची! खापरं तर पठाराखाली उघड्यावर पडलेली असायची. कीम नावाचा व्यापारी त्याआधीच गावच्या बायकांकडून जुन्या घाटाची भांडी करवून घेत होता, आणि नाम्पेयोही फ्यूक्स यायच्या आधीपासून जुनी नक्षी काढत होती.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना लगेच प्रश्न पडतो: मग ही नक्कल का? आपण तिचं काम नीट पाहू. चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक बसवायच्या, गुळगुळीत दगडाने घोटायचं. युक्काचं पान चावून तंतू मोकळे केले की झाला कुंचला. माती तीच, भाजल्यावर पिवळी पडणारी. पण जाळ वेगळा. सिक्यात्कीचे लोक दगडी कोळशावर भाजत. पुढे स्पॅनिशांबरोबर मेंढ्या आल्या, आणि नाम्पेयोच्या काळी भट्टी मेंढ्यांच्या वाळलेल्या शेणाची. शिवाय जुना आकार ती तसाच्या तसा उचलत नव्हती. तोडून, फिरवून, रिकामी जागा सोडून मांडत होती. आम्ही तरी याला नक्कल म्हणणार नाही.

आणि ती होपी तरी कुठे होती? वडील होपी, पण आई तेवा. १६८० च्या बंडानंतर रिओ ग्रांदेकडून येऊन पठारावर वसलेले हे लोक. कूळ आईकडून चालतं, म्हणजे नाम्पेयो तेवाच.

१९०५ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या 'होपी हाउस'मध्ये प्रवाशांसमोर बसून तिने भांडी घडवली. ती सही करत नसे. विक्रीच्या भांड्यांवर चिठ्ठी लागायची: 'नाम्पेयो, होपी'. पुढे तिची दृष्टी जवळजवळ गेली. तरी १९४२ ला वारेपर्यंतच्या त्या वर्षांत ती बोटांनी चाचपत वाडगे घडवत राहिली, आणि नक्षी घरच्यांनी, मुलींनी काढली.