वळू कोणाचा?

काही वर्षांपूर्वी पौषात खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत मी एक सौदा पाहिला. खिलार जनावरांच्या दावणी माळावर दूरवर पसरल्या होत्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ आदत खोंड होता. खांदा भरलेला, पाठ सरळ, कातडी मऊ, पाय स्वच्छ. गिऱ्हाईक त्याच्याभोवती दोनदा फिरले, दात पाहिले, शेपटी हाताळली आणि रुमालाखाली बोटे धरण्याआधी एकच प्रश्न विचारला, “तात्या, वळू कुणाचा?”

“वाडीचाच हाय. देवाला सोडल्याला.”

“नाव काय त्याचं?”

“नाव न्हाई. वाडीचा वळू म्हणत्यात.”

गिऱ्हाइकाने रुमाल परत खांद्यावर टाकला. शेजारच्या दावणीला तसाच एक खोंड होता. मला तरी त्या दोघांत फरक दिसला नाही. पण त्याच्या बापाचे नाव चार तालुक्यांत ठाऊक होते. तो खोंड दुपारपर्यंत विकला गेला. तात्यांचा संध्याकाळी गेला, जवळजवळ निम्म्या किमतीला.

वासरू समोर उभे असताना त्याच्या बापाच्या नावाला एवढी किंमत का, आणि ज्या बापाला नावच नाही त्याचे वासरू विकायचे कसे, हे दोन प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिले. त्यांच्या मागे जाता जाता मी अठराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडात पोहोचलो. कारण वळूच्या नावाचा लेखी व्यापार पहिल्यांदा उभा राहिला तो तिथे, ईशान्य इंग्लंडातील डार्लिंग्टन गावाच्या परिसरात, शॉर्टहॉर्न म्हणजे आखूड शिंगांच्या गुरांच्या निमित्ताने.

आठ गिनींचा वळू

चार्ल्स आणि रॉबर्ट कॉलिंग हे दोघे भाऊ. चार्ल्सची शेती केटन येथे, रॉबर्टची जवळच बार्म्पटनला. तो काळ रॉबर्ट बेकवेल या पशुपैदासकाराच्या प्रभावाचा होता. डिशली येथील हा शेतकरी आपले मेंढे हंगामापुरते भाड्याने देई आणि आपल्या जनावरांचे सांगाडे व खारवलेले मांसाचे तुकडे घरात मांडून पाहुण्यांना दाखवी. माल कसा दाखवायचा हे त्याला पक्के कळत होते. चार्ल्स कॉलिंग त्याच्याकडे जाऊन आला होता.

१७८० च्या दशकात कॉलिंगांच्या हाती एक वळू आला. त्याचा जन्म १७७७ चा. त्याची आई एका साध्या माणसाची गाय होती आणि रस्त्याच्या कडेच्या गवतावर चरून वाढली होती. रॉबर्टने एका शेजाऱ्याबरोबर भागीत तो घेतला आणि पुढे चार्ल्सने तो आठ गिनींना विकत घेतला. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग. साधारण दोन वर्षे वापरून चार्ल्सनेही त्याला विकून टाकले. आज तो हबॅक या नावाने ओळखला जातो, पण ते नाव त्याला कॉलिंगांनी दिलेले नव्हते. पुढे नॉर्थम्बरलंडमध्ये ज्याच्याकडे तो गेला, त्या मालकाचे ते आडनाव. म्हणजे ज्या घरात त्याने वंश वाढवला, त्या घरात तो जवळजवळ बिननावाचाच होता.

त्याचे मोल कळले ते त्याच्या लेकीनातवंडांवरून. हबॅकच्या मुलीचा मुलगा फॉल्जम. फॉल्जमचा मुलगा बोलिंगब्रोक आणि मुलगी फिनिक्स. या सावत्र भावाबहिणीच्या पोटी १७९३ साली फेव्हरिट नावाचा वळू जन्मला. केटनचे नाव त्याने उभे केले.

दाखवण्यासाठी पोसलेली लेकरे

फेव्हरिट चांगला आहे, हे मालकाला ठाऊक होते. पण दीडशे मैलांवरच्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे कसे? तेव्हा रेल्वे नव्हती. वळू गावोगाव फिरवला तर पैदाशीचे काम बुडते. कॉलिंगांच्या प्रसिद्धीला उपयोगी पडली ती पैदाशीच्या कामाची नसलेली वासरे.

चार्ल्सने डरहॅमच्या बाजारात एक काळीपांढरी साधी गाय १४ पौंडांना घेतली होती. तिला फेव्हरिटपासून १७९६ साली खोंड झाला. तो खच्ची करून नुसता पोसला. पाच वर्षांचा झाला तेव्हा त्याचे जिवंत वजन ३,०२४ पौंड, म्हणजे सुमारे १,३७० किलो मानले गेले. १८०१ च्या फेब्रुवारीत तो दाखवण्यासाठी म्हणून १४० पौंडांना विकला गेला. १४ मे रोजी जॉन डे याने तो २५० पौंडांना घेतला. १३ जूनला डे याला एक हजार पौंड देऊ केले गेले आणि ८ जुलैला दोन हजार. त्याने दोन्ही नाकारले. तिकीट लावून दाखवण्यात जास्त पैसा होता.

त्या बैलासाठी खास गाडा बांधला गेला आणि जवळजवळ सहा वर्षे तो इंग्लंड-स्कॉटलंडभर फिरला. चित्रकार जॉन बोल्टबीने काढलेल्या त्याच्या चित्राची छापील प्रत १८०२ साली निघाली. चिनी मातीच्या ताटांवर तो उमटला. अनेक खानावळींवर आजही ‘डरहॅम ऑक्स’ अशी त्याच्या नावाची पाटी आहे. १८०७ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला त्याचे मागचे हाड निखळले आणि एप्रिलमध्ये त्याला मारावे लागले.

रॉबर्टनेही फेव्हरिटची एक पांढरी कालवड विणीसाठी न ठेवता अशीच पोसली. तीही गावोगाव दाखवली गेली आणि ‘प्रवास केलेली पांढरी कालवड’ याच नावाने इतिहासात राहिली. टॉमस वीव्हरने तिचे चित्र काढले.

या दोन्ही जनावरांनी पुढची पिढी दिली नाही. पण त्यांच्याकडे पाहणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारत असणार, वळू कोणाचा? आणि उत्तर प्रत्येक वेळी केटनकडे जात होते. डरहॅमच्या बैलाची आई बाजारातली साधी गाय होती, ही गोष्टही वळूच्याच पथ्यावर पडली. साध्या गाईपासून एवढे, तर माझ्या गाईपासून किती, असा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने मनात केला असेल.

‘बोलिंगब्रोकचा नातू’

११ ऑक्टोबर १८१० रोजी चार्ल्स कॉलिंगने केटनला लिलाव केला. ४७ जनावरांचे ७,११५ पौंड आले. फेव्हरिटचा मुलगा कॉमेट हा चौघांनी मिळून एक हजार गिनींना घेतला. एका वळूला एवढी किंमत येण्याची ती पहिलीच वेळ. कॉमेटची आई ही फेव्हरिटला त्याच्या स्वतःच्या आईपासून झालेली मुलगी. आपल्याकडचा शेतकरी हे ऐकून कानावर हात ठेवील. पण आपला माल आपल्याच रक्तात राखायचा, ही बेकवेलची रीत कॉलिंगांनी टोकाला नेली होती.

माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र त्याच लिलावातल्या दुसऱ्या एका गाईत सापडते. ओ’कॅलॅघन नावाच्या एका कर्नलने आपल्या बिनशिंगी गॅलोवे गाई केटनला बोलिंगब्रोककडे आणल्या होत्या. त्यातून झालेला एक गोऱ्हा चार्ल्सकडे राहिला. त्या गोऱ्ह्याचा मुलगाही वळू म्हणून वापरला गेला. त्याच्यात पाव हिस्सा परके रक्त होते. त्याला स्वतःचे नाव कोणी ठेवलेच नाही. तो कागदोपत्री फक्त ‘बोलिंगब्रोकचा नातू’ आहे.

हा कळपातला सर्वांत अनोळखी वळू म्हणावा. फिनिक्सपासून त्याला लेडी नावाची मुलगी झाली. १८१० च्या लिलावात ही लेडी चौदा वर्षांची, म्हणजे गाईच्या मानाने म्हातारी होती. ती २०६ गिनींना गेली. तिची मुलगी काउंटेस ४०० गिनींना. त्याच दिवशी टॉमस बेट्स या पैदासकाराने घेतलेली डचेस घराण्यातली एक गाय १८३ गिनींची होती. परके रक्त असलेल्या वळूच्या लेकीनातींना गिऱ्हाइकांनी हात आखडला नाही.

याचे कारण मला साधे वाटते. गिऱ्हाइके केटनच्या आवारात प्रत्यक्ष उभी होती. डोळ्यांसमोर म्हातारी लेडी होती, तिची मुलगी होती. बिननावाच्या वळूची ग्वाही त्याची लेक आणि नात स्वतः देत होत्या. दाव्याला बांधलेला पुरावा हाताने चाचपता येत होता.

नाव कागदावर आले

१८२२ साली जॉर्ज कोट्स याने शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ छापली. गाईगुरांच्या एका जातीची ही पहिली छापील वंशावळ. तट्टावर बसून गोठ्यागोठ्याला जायचे, मालकांना विचारायचे आणि लिहून घ्यायचे, हे काम या वृद्ध माणसाने केले. वळूंना त्याने इंग्रजी वर्णानुक्रमे क्रमांक दिले. म्हणून कॉमेट १५५, फेव्हरिट २५२, बोलिंगब्रोकचा नातू २८० आणि या सर्वांच्या मुळाशी असलेला हबॅक ३१९. रस्त्याकडेच्या गाईचा हा मुलगा मेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी पक्का नोंदला गेला.

या पुस्तकाचे उपकार मोठे आहेत. फसवणुकीला आळा बसला, दूरच्या गिऱ्हाइकाला विश्वास मिळाला. पण हळूहळू पुस्तक जनावराच्या पुढे गेले. लेडीच्या वंशाला ‘हिणकस मिश्रण’ या अर्थाचे टोपणनाव चिकटले. ज्यांना १८१० मध्ये डोळ्यांनी पाहून शेकडो गिनी दिल्या गेल्या, त्यांच्याकडे पुढच्या पिढीतले शुद्धतेचे अभिमानी नाक मुरडू लागले. कारण ते कागद पाहत होते.

बेट्सने डचेस घराणे आयुष्यभर जपले. १८४९ साली तो वारला आणि त्याच्यामागे त्या नावाचा भाव चढतच गेला. १० सप्टेंबर १८७३ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क मिल्स येथे लिलाव झाला. १०९ जनावरांचे सुमारे ३ लाख ८० हजार डॉलर आले आणि त्यांतली ‘आठवी डचेस ऑफ जिनिव्हा’ ही एकच गाय ४०,६०० डॉलरना गेली. आठच दिवसांनी अमेरिकेतली एक मोठी पेढी बुडाली आणि मंदी सुरू झाली. पण त्याआधीच गोठ्यात दुसरे दिवाळे निघत होते. नाव राखण्यासाठी तेच रक्त पुन्हा पुन्हा वापरल्याने डचेस घराण्यातल्या गाई गाभण राहीनाशा झाल्या. ते घराणे पुढे संपले.

सिटिटनचा म्हातारा वळू

याच काळात स्कॉटलंडमध्ये, ॲबर्डीनजवळच्या सिटिटन येथे एमोस क्रुकशँक नावाचा एक अबोल माणूस गुरे वाढवत होता. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे खंडाने जमीन कसणारे शेतकरी. थंडी सोसणारे, थोडक्यात पोसले जाणारे आणि लवकर मांस धरणारे जनावर त्यांना हवे होते.

१८५८ मध्ये क्रुकशँकने नॉटिंगहॅमशरमधून लँकेस्टर कॉमेट नावाचा वळू मागवला. तो आठेक वर्षांचा, उतरतीला लागलेला होता आणि त्याची शिंगे पाहून घरचीच माणसे हिरमुसली. थोडा काळच त्याचा वापर झाला, वासरे मोजकीच झाली. त्यांतला एक १८५९ च्या नोव्हेंबरमध्ये जन्मला. त्याचे नाव ‘चँपियन ऑफ इंग्लंड’. १८६१ साली लीड्सच्या शाही प्रदर्शनात त्याला नेले, तर परीक्षकांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही.

इथे बहुतेकांनी तो विकून टाकला असता. क्रुकशँकने तो घरी आणला आणि आपल्याच गाईंना लावला. पुढची वासरे पाहिली, मग त्याचे मुलगे वापरले, त्यांची वासरे पाहिली. प्रदर्शनाचा नाद कमी केला. दर वर्षी गोऱ्ह्यांची विक्री मात्र चालू ठेवली. आसपासच्या शेतकऱ्याने एक गोऱ्हा नेला, त्याची वासरे खाटकाकडे चांगल्या भावाने गेली, की तो पुन्हा येई. हीच त्याची जाहिरात. पुढे कॅनडातील डेव्हिडसन नावाच्या पैदासकाराने ही गुरे समुद्रापार नेली आणि १८८९ साली क्रुकशँकने कळप विकला, तेव्हा ‘स्कॉच शॉर्टहॉर्न’ हेच नाव झाले होते. डचेसच्या मोठ्या नावाची माणसेही आता त्या बाजूला वळत होती.

हबॅक, बोलिंगब्रोकचा नातू आणि लँकेस्टर कॉमेट हे तिघेही आपापल्या वेळी कमी ओळखीचे वळू. तिघांचीही वासरे अखेर विकली गेली, ती त्यांची लेकरे कोणीतरी एका ठिकाणी राखली, मोजली आणि दाखवली म्हणून. नाव मागाहून आले. आणि जिथे नाव आधी आणि जनावर मागून असा उलटा क्रम लागला, तिथे गोठा रिकामा झाला.

खरसुंडीच्या तात्यांना त्या दिवशी एवढेच करता आले असते, की खोंडाबरोबर त्याची आई आणि त्याच वळूची आणखी एक-दोन वासरे माळावर आणायची. पण टेम्पोचे भाडे, चारा आणि चार दिवसांची खोटी एका खोंडाच्या किमतीत बसत नाही. आपल्याकडे अनेक वाड्यांवरचे असे वळू देवाच्या नावाने राहतात आणि त्यांची लेकरे दहा बाजारांत विखुरतात. मग ग्वाही द्यायला कोणी एकत्र उरत नाही.

सौदा झाल्यावर मी तात्यांजवळ बसलो आणि त्या वळूबद्दल विचारले. कोणत्या साली सोडला, कोणाच्या गाईचा, अंगावर खूण काय, कोणाकोणाच्या गाईंना वासरे झाली. तात्यांना सगळे तोंडपाठ होते. सात घरे, अकरा वासरे. मी वहीत लिहून घेतले. वर नाव काय घालावे हे सुचेना, म्हणून ‘वाडीचा वळू’ असेच लिहिले. बोलिंगब्रोकच्या नातवालाही यापेक्षा जास्त काही मिळाले नव्हते.