पुसलेला हंगाम : ॲक्रिंग्टन स्टॅन्ली, १९६१-६२

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं इंग्लंडमधल्या चौथ्या विभागातल्या फुटबॉल क्लबवर का बोलावं, असं तुमच्या मनात आलं असेल. मला स्वतःला फुटबॉलमधलं फार कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण इतिहासाच्या संदर्भात एक प्रश्न मला बरीच वर्षं सतावतो आहे. होऊन गेलेली गोष्ट झालीच नाही, असं एखाद्या संस्थेला ठरवता येतं का? या प्रश्नाचं इतकं उघडंवाघडं उदाहरण मला दुसरीकडे सापडलं नाही.

ॲक्रिंग्टन हे लँकेशायरमधलं छोटं गाव. एका बाजूला ब्लॅकबर्न, दुसऱ्या बाजूला बर्नली, दोन्ही हाकेच्या अंतरावर. कापडगिरण्या, गिरण्यांना लागणारी यंत्रं आणि लाल विटा, यांवर गाव वाढलं. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापक क्लबांत ॲक्रिंग्टन नावाचा क्लब होता. तो काही वर्षांत बंद पडला. आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत तो ॲक्रिंग्टन स्टॅन्ली हा वेगळा क्लब, स्टॅन्ली स्ट्रीट या रस्त्यावरून नाव घेतलेला. तो लीगमध्ये आला १९२१ साली. नावात गाव तेच, क्लब मात्र दोन. हे लक्षात ठेवा, पुढे तिसराही येणार आहे.

आता लँकेशायर म्हटलं की आपल्याकडे कान टवकारतात. खानदेश-वऱ्हाडचा कापूस तिकडे जायचा आणि कापड होऊन इकडे यायचा, हे आपण शाळेत शिकलो. १९५८ पर्यंत हे चक्र उलटं फिरलं होतं. त्या वर्षी ब्रिटननं जेवढं सुती कापड बाहेर विकलं त्याहून जास्त बाहेरून आणलं, आणि त्यात भारतातलं कापडही होतं. पुढच्याच वर्षी सरकारनं कायदा करून जुने माग आणि चात्या मोडीत काढायला पैसे दिले. गिरणगावातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. गिरणी बंद पडते तेव्हा नुसता पगार थांबत नाही. शनिवारी दुपारी तिकीट काढून मैदानावर जाणारा माणूसही कमी होतो.

गंमत म्हणजे त्याच १९५८ साली क्लब यशस्वी होता. तोवर तिसरा विभाग उत्तर आणि दक्षिण असा वाटलेला असायचा. त्यातल्या उत्तर विभागात स्टॅन्ली दुसरा आला. पण वर चढायची संधी फक्त पहिल्याला. त्याच उन्हाळ्यात लीगनं फेररचना केली. दोन्ही गटांतले वरचे अर्धे संघ मिळून देशभराचा तिसरा विभाग झाला, खालचे अर्धे चौथ्या विभागात गेले. स्टॅन्ली अर्थातच तिसऱ्यात. म्हणजे चांगलं खेळल्याचं बक्षीस काय, तर दक्षिणेपर्यंतचे लांबलांबचे प्रवास आणि त्यांचा खर्च! शिवाय क्लबनं ऑल्डरशॉटच्या लष्करी सोहळ्याचा एक मोठा स्टँड विकत घेतला होता. किंमत १४५० पौंड, म्हणजे स्वस्तच. पण तो सोडवायचा, देशाच्या त्या टोकावरून आणायचा आणि पुन्हा उभा करायचा, याला मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे लागले. आपल्याकडे कुणीतरी स्वस्तात जुना वाडा घेतो आणि लाकूड वाहून आणताना कंगाल होतो, तशातली गत.

१९६० मध्ये क्लब चौथ्या विभागात घसरला. १९६१ च्या जानेवारीत खेळाडूंच्या पगारावरची आठवड्याला २० पौंडांची मर्यादा उठली. न्याय्यच गोष्ट होती ती. पण मोठ्या क्लबांची ताकद त्यानं वाढली, आणि शेजारी कोण? बर्नली, १९६० चा लीगविजेता. त्याच वर्षी ब्लॅकबर्न एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात खेळलेला. बसनं थोडं पुढं गेलं की असला फुटबॉल दिसत असताना पील पार्कवर चौथ्या विभागातला सामना बघायला कोण येणार?

तर १९६१-६२ चा हंगाम. ३३ सामने, त्यांत ५ विजय, ८ बरोबरी, २० पराभव. शेवटचा सामना शुक्रवारी, २ मार्च १९६२ रोजी, क्रू ॲलेक्झांड्राच्या मैदानावर. स्टॅन्ली ४-० नं हरला. कर्ज सुमारे ६० हजार पौंड. बर्नलीचे चेअरमन बॉब लॉर्ड यांना सल्ल्यासाठी बोलावलं होतं. त्यांनी आकडे पाहिले आणि आशा नाही असं सांगितलं. क्लबनं लीगला राजीनाम्याचं पत्र पाठवलं. मग काही जण मदतीला पुढे आले, म्हणून पत्र मागे घेण्याची विनंती केली. लीगचे सचिव ॲलन हार्डेकर यांनी कळवलं की राजीनामा दिला तो दिला. शेजारच्या मोठ्या क्लबच्या चेअरमनला घरातल्या कारभारात का घेतलं, अशी कुजबुज गावात राहिली. माझ्या मते लॉर्डना खलनायक ठरवायची गरज नाही, कर्ज त्यांनी केलेलं नव्हतं. पण काही दिवस थांबायला लीगचं काय जात होतं, हे मला आजही कळत नाही.

आणि आता माझा मुद्दा. लीगनं ते ३३ सामने नोंदीतून काढून टाकले. गुणतालिकेत २३ संघ, प्रत्येकाचे ४४ सामने. स्टॅन्लीचं नाव नाही. क्रूच्या त्या चार गोलांचं काय? मोजले गेले नाहीत. स्टॅन्लीला हरवून मिळवलेले दोन-दोन गुणही गेले.

न्यायदर्शनात अभावाचे प्रकार सांगितले आहेत. घडा फुटला की त्याचा जो अभाव, तो प्रध्वंसाभाव. घडा होता, आता नाही. आणि वायूला रूप कधीच नसतं, तो अत्यंताभाव. क्लब बुडाला हा प्रध्वंसाभाव. लीगच्या तालिकेनं त्याला अत्यंताभाव करून टाकलं!

पण लीगची बाजूही ऐका. काही संघ स्टॅन्लीशी दोनदा खेळले होते, काही एकदाच. ते गुण ठेवले असते तर बाकीच्यांवर अन्याय झाला असता. म्हणजे हिशेबापुरतं पुसणं समजू शकतं. मात्र हाच एक मार्ग होता असं नाही. १९१९ साली लीड्स सिटी या क्लबला लीगनं आठ सामन्यांनंतर हाकललं, तेव्हा त्याची जागा पोर्ट व्हेलला दिली आणि ते आठ निकालही त्यांच्या खात्यावर चढवले. न खेळलेले सामने एकाला मिळाले, आणि इकडे खेळलेले सामने खेळणाऱ्याच्याच नावावर राहिले नाहीत. तालिका हा निवाडा असतो, साक्ष नव्हे. आपण अभ्यासक मंडळी मात्र वारंवार तिच्याकडे साक्ष म्हणून बघतो. उद्या एखाद्यानं नुसती ती तालिका बघून लिहिलं की त्या वर्षी ॲक्रिंग्टनमध्ये लीग फुटबॉल नव्हता, तर त्याचं कागदोपत्री चुकलं असं म्हणता येणार नाही.

रिकामी जागा निवडणुकीनं ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. स्टॅन्ली स्थानिक स्पर्धेत उतरला आणि १९६६ मध्ये बंद पडला. १९६८ मध्ये गावकऱ्यांनी त्याच नावाचा क्लब पुन्हा काढला, १९७० पासून तो खेळू लागला, नव्या मैदानावर. हा तिसरा. तो जुनाच क्लब आहे का, असं विचारलं तर कायद्यानं नाही. गावाला विचारलं तर प्रश्नच कळणार नाही.

२००६ साली हा क्लब फुटबॉल लीगमध्ये परतला. त्याच वर्षी लीगमधून खाली गेलेल्या दोन क्लबांपैकी एक होता ऑक्सफर्ड युनायटेड. १९६१-६२ च्या तालिकेत मात्र अजूनही २३ च संघ आहेत.