कोरकू

२. कोरकू : अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, म्हणजे चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत, तसेच सीमेपलीकडे बैतूल, खंडवा भागांत राहणारी आदिवासी जमात.

गोंडांशी शेजार जुना असल्याने त्यांना गोंडांचीच शाखा समजले जाते. ते बरोबर नाही. गोंडी भाषा द्राविडी कुळातली, तर कोरकू मुंडा कुळातली, झारखंडकडील छोटा नागपूरच्या मुंडारी आणि संताळीची नातलग. झारखंड कुठे आणि सातपुडा कुठे! कोरकू हे मुंडा भाषांचे पश्चिम टोक. मुंडा भाषकांच्या पितृवंशात आग्नेय आशियाशी जुळणारा जनुकीय धागा ठळक दिसतो. मातृवंश मात्र बहुतांशी भारतातलाच. त्यामुळे ‘बाहेरचे की इथले’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

मृताच्या स्मरणार्थ कोरकू सागाची कोरीव फळी उभारतात. तिच्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतात.

सरकारी वर्गवारीचे गणित निराळेच. संविधानाच्या अनुच्छेद ३४२ खालील महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल ही जमात कोरकूंच्याच नोंदीत येते. पण निहालांच्या, जळगाव जामोद परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहाली भाषेत कोरकू शब्दांची भर मोठी असली, तरी भाषाशास्त्रज्ञ तिला कोणत्याच कुळात बसवू शकलेले नाहीत. — संपा.