काळा घेवडा, पांढरा भात

आज थेट चुलीपासून सुरुवात करू. गेल्या आठवड्यात आम्ही केंद्रावरच्या पाचजणींनी क्यूबा देशातला एक भात करून पाहिला. क्यूबा म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेला समुद्रात असलेलं लांबट बेट. त्या भाताला लागतो काळा राजमा. तो आम्हाला तालुक्याच्या बाजारात मिळाला नाही, म्हणून तांबडाच घातला. भात छान झाला. मग वाचायला बसलो तेव्हा कळलं, की आपण केला तो भात वेगळाच! काळ्या दाण्याचा असतो त्याला म्हणतात ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’, आणि तांबड्या दाण्याचा तो ‘कोंग्री’. राजधानी हवानाकडचे लोक दोन्हींना सर्रास कोंग्रीच म्हणतात, त्यामुळे आमची चूक फार मोठी नव्हती. पण या दोन नावांच्या मागे गेलो आणि भाताच्या पातेल्यातून केवढा तरी इतिहास वर आला.

आधी दाण्याचं बघू. क्यूबाचा काळा दाणा, आपला राजमा, श्रावणघेवडा आणि साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा ही सगळी एकाच जातीची पिकं. त्यांचं मूळ अमेरिका खंडात. कोलंबस १४९२ च्या ऑक्टोबरात क्यूबाला पोचला, तेव्हा तिथले ताईनो लोक कसावाचा कंद, मका, रताळी, मिरची आणि हा घेवडा पिकवत होते. पुढच्या काही दशकांत साथीचे रोग आणि सक्तीची मजुरी यांनी त्या लोकांचा जवळजवळ नायनाट झाला. त्यांचा दाणा मात्र जगभर गेला. आपल्याकडे मिरची आली तशीच त्याच खंडातून घेवड्याची ही जातही आली, आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे परका दाणा आता आपल्या मातीच्या नावाने ओळखला जातो.

भात मात्र क्यूबाचा नव्हे. तो स्पॅनिश लोकांबरोबर समुद्रापलीकडून आला. ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’ हे नावही त्यांचंच. त्याचा अर्थ ‘मूर आणि ख्रिस्ती’. उत्तर आफ्रिकेतले मुसलमान मूर ७११ साली स्पेनमध्ये आले. त्यांचं शेवटचं राज्य ग्रॅनडा, ते १४९२ च्या जानेवारीत पडलं. म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी. काळे दाणे म्हणजे मूर, पांढरा भात म्हणजे ख्रिस्ती, असं ते नाव. आम्हाला हे नाव काही पटलं नाही. भांडण कुठलं, पातेलं कुठलं! ज्यांच्या हातांनी हे अन्न रांधलं गेलं, त्यांचा त्या नावात मागमूसही नाही.

ते हात बरेचसे आफ्रिकेतल्या बायकांचे होते. क्यूबात ऊस वाढला तशी गुलामांची खरेदी वाढली. सगळा काळ धरला तर सुमारे ८ लाख माणसं आफ्रिकेतून तिथे विकायला आणली गेली. स्पेनने १८१७ साली हा व्यापार बंद करायचा करार केला, तरी चोरून जहाजं येतच राहिली. बायकाही पुरुषांबरोबर ऊस तोडत. उसाच्या फडात राबणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकींना सांगायला नको. पण त्या बायकांना उचलही नव्हती आणि हंगाम संपल्यावर परत जायला गावही नव्हतं.

१८४२ साली सरकारने गुलामांच्या जेवणाचा नियम केला. दिवसाला सहा ते आठ केळी किंवा तेवढे कंद, ८ औंस मांस किंवा खारवलेली मासळी, आणि ४ औंस तांदूळ किंवा दुसरं पीठ. ४ औंस म्हणजे आपल्या हिशोबात ११५ ग्रॅमच्या आतच. कागदावर एवढं, हातात किती पडत असेल ते मालकाच्या मनावर. पोट भरायचं ते ‘कोनुको’वर. कोनुको म्हणजे बराकीजवळचा जमिनीचा छोटा तुकडा. फडातून आल्यावर तिथे घेवडा, रताळी, मका लावायचा, जमलं तर एखादं डुक्कर पाळायचं. एस्तेबान मोन्तेहो नावाच्या, गुलामगिरीतून पळालेल्या माणसाने म्हातारपणी आपली हकिगत सांगितली. मिगेल बार्नेत यांनी ती लिहून १९६६ साली छापली. या तुकड्यांनीच पुष्कळांना जगवलं, असं त्याचंही सांगणं आहे. उरलेलं विकून काहीजणी पैसे साठवत आणि हप्त्या-हप्त्याने स्वतःला मालकाकडून विकत घेत. कायद्यात तशी सोय होती. घेवड्याच्या दाण्यावर माणूस सोडवून घ्यायचा! क्यूबात गुलामगिरी पुरती संपली ती १८८६ साली.

आता कोंग्री. शेजारच्या हैतीत १७९१ साली गुलामांनी उठाव केला. तिथले फ्रेंच मळेवाले पळून क्यूबाच्या पूर्व भागात आले आणि आपले गुलामही घेऊन आले. फर्नान्दो ओर्तिस या क्यूबाच्या अभ्यासकांनी ‘कोंग्री’ शब्द तिथवर नेला आहे. ‘कोंगो’ म्हणजे दाणे आणि ‘री’ म्हणजे फ्रेंच भाषेत तांदूळ. गंमत बघा, हैतीत आजही ‘प्वा कोंगो’ म्हणतात ते आपल्या तुरीला. तूर मूळची भारतातली; ती आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर त्या बेटांवर पोचली. आपलं एक धान्य तिकडे गेलं, त्यांचं एक इकडे आलं.

पुढचा काळ रांगेचा. १९५९ च्या क्रांतीनंतर, १९६२ च्या मार्चमध्ये क्यूबात ‘लिब्रेता’ आली, म्हणजे रेशनची वही. अलीकडे कित्येक वर्षं तांदूळ माणशी महिन्याला ७ पौंड, म्हणजे सव्वातीन किलोच्या आतच मिळायचा. घेवडा त्याहून कितीतरी कमी. रांगेत उभं राहायचं, घरी येऊन तांदूळ टेबलावर पसरून खडे वेचायचे. सूप नाही एवढाच फरक. नित्सा वियापोल या बाईंनी टीव्हीवर सुमारे चार दशकं स्वयंपाक शिकवला. टंचाई आली तेव्हा त्यांनी प्रश्नच उलटा केला. या पदार्थाला काय लागतं हे विचारण्याऐवजी, आज दुकानात काय आहे आणि त्यातून काय होईल, असं त्या विचारू लागल्या. आपण रोज हेच करतो, फक्त आपल्याला कोणी टीव्हीवर बोलावलं नाही.

२००५ साली ८ मार्चला, महिला दिनाच्या भाषणात, फिडेल कॅस्ट्रो यांनी घरोघर विजेवरचे भाताचे कुकर देण्याची घोषणा केली. बायकांना ते आवडलेही. पण २०२४ च्या ऑक्टोबरात अख्ख्या देशाची वीज गेली, आणि बायकांनी पुन्हा लाकडं पेटवली.

आता कृती सांगतो, कारण विचारणा होणारच. एक वाटी राजमा रात्री भिजत घाला. सकाळी ते पाणी टाकून नव्या पाण्यात खळखळ उकळून शिजवा. राजमा अर्धाकच्चा राहिला तर उलट्या होतात, म्हणून मऊ झाल्याशिवाय उतरवू नका. शिजल्याचं पाणी ठेवा, रंग त्याचाच. तेलात कांदा, भरपूर लसूण आणि ढोबळी मिरची मंद परता. याला तिकडे ‘सोफ्रितो’ म्हणतात. जिरेपूड आणि तमालपत्र घाला. ते लोक ओरेगानो घालतात. कुंडीतल्या पानओव्यालाही त्या बाजूला ओरेगानोच म्हणतात, तेव्हा त्याची दोन पानं चिरून टाका. मग दोन वाट्या तांदूळ परता, दाणे घाला, मीठ घाला आणि राखलेलं पाणी साडेतीन वाट्या. शेवटी लिंबू. क्यूबात डुकराची चरबीही घालतात; आम्ही घातली नाही.

तळाला खरवड लागली तर हळहळू नका. तिकडे तिला ‘रास्पा’ म्हणतात आणि तिच्यासाठी घरात भांडणं होतात. आमच्या पातेल्यालाही लागली होती. ती कोणी खाल्ली, हे रेडिओवर सांगत नाही.