फुटलेल्या काचा, पॉप वॉर्नर आणि आमचा चिंटू

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे प्रोजेक्टचं गो-लाईव्ह होतं, सलग तीन वीकेंड त्यात गेले. आज जरा लांबलचक लिहिणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

ऑगस्टमधली गोष्ट. मी सध्या फिलाडेल्फियाजवळ ऑनसाईट आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक नाशिकचं कुटुंब राहतं. दादा, वहिनी आणि नऊ वर्षांचा मुलगा. (त्याला आपण चिंटू म्हणू. खरं नाव लिहिलं तर वहिनी डबा बंद करतील.) एका रविवारी दादांचा फोन आला, "अरे खाली ये जरा, एक भानगड आहे." गेलो तर टेबलावर एक फॉर्म, चिंटूचं तोंड फुगलेलं आणि वहिनींचा आवाज चढलेला. चिंटूला टॅकल फुटबॉल खेळायचं होतं. शाळेतले सगळे मित्र खेळतात म्हणे.

"डोक्याला लागलं तर?" वहिनी.

"अगं, हेल्मेट असतं!" दादा.

फॉर्मवर खाली आणखी एक चौकोन होता: पालकांपैकी कोणी सहायक कोच व्हायला तयार आहे का? दादांनी तिथे आधीच टिक मारून ठेवली होती. आयुष्यात कधी हा चेंडू हातात न धरलेल्या माणसाने! मग दोघंही माझ्याकडे वळले. "तू इतिहास वगैरे वाचत असतोस ना, सांग काय करायचं ते." आता काय सांगणार? म्हटलं, आठवडाभर द्या, वाचून सांगतो.

तर मंडळी, हा खेळ म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू हातात घेऊन पुढे सरकायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे आणि समोरच्याने तुम्हाला अंगाने भिडून खाली पाडायचं. या पाडण्याला टॅकल म्हणतात. थोडक्यात, कबड्डीतली पकड, पण धावत येऊन आणि हेल्मेट घालून.

हा खेळ लहान मुलांना पद्धतशीर शिकवायची सगळ्यात जुनी मोठी योजना सुरू झाली ती याच शहरात, आणि सुरुवात झाली फुटलेल्या काचांपासून. 1929 साली फिलाडेल्फियाच्या ईशान्य भागात एक नवीन कारखाना उभा राहिला होता, जमिनीपासून छतापर्यंत काचा असलेला. शेजारी मोकळं मैदान, मैदानात रिकामटेकडी पोरं, आणि पोरांच्या हातात दगड. पुढचं सांगायला नकोच. कारखान्याच्या मालकाने जो टॉमलिन नावाच्या आपल्या एका तरुण मित्राला विचारलं, काय करू? टॉमलिन कॉलेजात चांगला खेळाडू होता आणि तेव्हा न्यूयॉर्कला शेअर-रोख्यांच्या धंद्यात नोकरीला होता. तो म्हणाला, आजूबाजूचे कारखानदार मिळून पैसे काढा आणि या पोरांना खेळायला लावा. दिवस फुटबॉलच्या सीझनचे, म्हणून फुटबॉल. चार संघांची लीग उभी राहिली. टॉमलिन दर वीकेंडला न्यूयॉर्कहून येऊन ती चालवायचा. म्हणजे आपल्यासारखाच, आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवारी उद्योग!

लीग सुरू झाली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. टॉमलिन फिलाडेल्फियाला परतला आणि लीगच वाढवत बसला. 1933 पर्यंत तिच्यात 16 संघ झाले होते.

आता पॉप वॉर्नर. संस्था स्वतः सांगते ती कथा अशी. एप्रिल 1934 मध्ये टॉमलिनने पोरांसाठी एक शिबिर ठेवलं आणि आसपासच्या कॉलेजांच्या डझनभर कोचना बोलावलं. त्या दिवशी वादळ, पाऊस, गारा. डझनातला एकच माणूस आला: ग्लेन स्कोबी वॉर्नर, टेंपल विद्यापीठाचा कोच, देशभर गाजलेला. तो आठशे पोरांसमोर उभा राहिला आणि दोन तास त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसला. कार्यक्रम संपेपर्यंत पोरांनी लीगला त्याचं नाव देऊन टाकलं होतं.

कथा गोड आहे. पण या वॉर्नरबद्दल आणखी वाचलं आणि मी जरा थबकलो. 1871 चा जन्म, कॉर्नेलमधून वकिलीची पदवी, संघातल्या इतरांपेक्षा वयाने मोठा म्हणून पोरं 'पॉप' म्हणायची. डोकं भन्नाट! 1903 मध्ये हार्वर्डविरुद्ध त्याच्या संघाने चेंडू एका खेळाडूच्या जर्सीत पाठीमागे लपवला आणि तो खेळाडू आरामात पळत जाऊन गुण घेऊन आला. तेव्हाच्या नियमांत याला बंदी नव्हती. (नियमांतली फट शोधणारा माणूस, चांगला टेस्टर झाला असता.) मॅच तरीही हार्वर्डनेच जिंकली, 12-11.

पण हा संघ कुठला होता? कार्लाईल इंडियन स्कूलचा. ही पेनसिल्व्हेनियातली सरकारी निवासी शाळा. मूळ अमेरिकन जमातींच्या मुलांना घरापासून दूर आणायचं, केस कापायचे, भाषा सोडायला लावायची, हा तिचा उद्देश. तिथला फुटबॉल संघ शाळेची जाहिरात होता आणि उत्पन्नही. जिम थॉर्पसारखा खेळाडू वॉर्नरच्या हाताखाली तयार झाला हे खरं. पण 1914 मध्ये अमेरिकन काँग्रेसने या शाळेची चौकशी केली तेव्हा वॉर्नरच्या शिवीगाळीच्या आणि पैशांच्या व्यवहाराच्या तक्रारी त्याच्या खेळाडूंनीच केल्या होत्या. पुढच्या वर्षी तो पिट्सबर्गला गेला. दोन तास पावसात पोरांना उत्तरं देणारा माणूस आणि हा माणूस एकच. मला तरी यातला एक खरा आणि दुसरा खोटा असं ठरवता आलं नाही.

असो. वॉर्नरने फक्त नाव दिलं, यंत्रणा टॉमलिनची. संघ सुरुवातीला मोठ्या पोरांचे होते, पुढे लहान मुलांकडे वळले. 1947 च्या डिसेंबरमध्ये बर्फात एक 'सांता क्लॉज बोल' झाला. त्यात इथल्या छोट्यांनी न्यूयॉर्कच्या ज्या संघाला 6-0 ने हरवलं, त्याचा पाठीराखा होता चक्क फ्रँक सिनात्रा! 1959 मध्ये संस्थेची 'पॉप वॉर्नर लिटल स्कॉलर्स' म्हणून ना-नफा नोंदणी झाली. नावात स्कॉलर्स आहे ते उगाच नाही. खेळायचं असेल तर शाळेचं प्रगतिपुस्तक दाखवावं लागतं, मार्क कमी तर बाहेर. (हे कळल्यावर वहिनींचा विरोध पाच टक्के कमी झाला.)

या योजनेची रचना मला मनापासून आवडली. गट पाडताना वय आणि वजन दोन्ही बघायचं. आपल्याकडे कुमार गट कबड्डीत वजनाची अट असते, तसंच. थोडं वय जास्त पण अंगाने किरकोळ असलेल्या पोराला खालच्या गटात खेळता येतं. निवड चाचणी नाही, कोणाला काढून टाकणं नाही. आणि प्रत्येक मुलाला प्रत्येक मॅचमध्ये ठराविक इतक्या चाली तरी खेळवायच्याच, संघात किती मुलं आहेत त्यावर तो आकडा ठरतो. आमच्या शाळेच्या क्रिकेट संघात मी दोन वर्षं पाण्याच्या बाटल्या नेल्या आणि एकही मॅच खेळलो नाही, त्यामुळे या नियमाला माझा साष्टांग नमस्कार.

आणि तरीही इतक्या विचारपूर्वक बांधलेल्या यंत्रणेत एक भोक कित्येक वर्षं राहून गेलं.

2002 मध्ये पिट्सबर्गचा माजी खेळाडू माईक वेबस्टर वारला. त्याच्या मेंदूत बेनेट ओमालू या डॉक्टरांना सीटीई नावाचा आजार सापडला, वारंवार डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे होणारा. 2005 मध्ये ते प्रसिद्ध झालं. सगळी चर्चा व्यावसायिक खेळाडूंची. लहान मुलांचं काय? ती हळू पळतात, त्यांचं वजन कमी, त्यांना काय होणार, असा समज. मग व्हर्जिनिया टेकमधल्या संशोधकांनी सात-आठ वर्षांच्या सात मुलांच्या हेल्मेटमध्ये सेन्सर बसवले. 2012 मध्ये निष्कर्ष आले. एका सीझनमध्ये एका मुलाच्या डोक्याला सरासरी 107 धक्के. संख्येने कमी, पण त्यातले काही मोठ्यांच्या धक्क्यांच्या तोडीचे.

मी अडकलो ते पुढच्या ओळीवर. सगळ्यात जोरदार धक्के बहुतेक करून मॅचमध्ये नव्हे, सरावात बसले होते. मॅचमध्ये समोरचा संघ असतो, चुरस असते, तिथे जे होतं ते होतं. सराव मात्र पूर्णपणे कोचच्या हातात. मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ काय करायचं हे कोच कागदावर लिहून आणतो, आणि तो कोच म्हणजे कोणाचा तरी बाबा, स्वतः लहानपणी जे केलं तेच पोरांकडून करून घेणारा. दोन मुलांना समोरासमोर उभं करायचं, शिट्टी वाजवायची, आणि भिडा! याला 'ओक्लाहोमा ड्रिल' म्हणतात, तिथल्या बड विल्किन्सन या कोचच्या नावावर तो जमा आहे. पोरं 'तयार' होतात म्हणून पिढ्यानपिढ्या चालला. खुद्द एनएफएलने आपल्या धडधाकट, पगारी खेळाडूंसाठी तो 2019 मध्ये बंद केला.

पॉप वॉर्नरने मात्र 2012 मध्येच नियम केला: सरावाच्या वेळेपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ भिडाभिडी नको, आणि तीन यार्डांपेक्षा लांबून पूर्ण वेगाने समोरासमोर धडक तर अजिबात नको. त्याआधी 2010 मध्ये, डोक्याला लागून बाहेर आलेल्या मुलाला डॉक्टरी लेखी परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही हा नियम आला होता. 2016 मध्ये भिडाभिडी 25 टक्क्यांवर आली आणि सगळ्यात लहान गटांमधला किकऑफ, म्हणजे दोन्ही संघ लांबून धावत येऊन आदळतात तो प्रकार, काढून टाकला. हे सगळं म्हणजे प्रॉडक्शनमध्ये पॅच मारत जाणं. पण बाकीच्यांनी तेवढंही केलं नव्हतं.

याच सुमारास टॅकल सुरक्षितपणे शिकवायचा 'हेड्स अप' नावाचा कोर्सही आला, एनएफएलच्या पैशांवर. डोकं वर ठेवून भिडा वगैरे. त्याचा फार गाजावाजा झाला. 2016 मध्ये न्यूयॉर्क टाईम्सने त्यामागचा अभ्यास तपासला, तर नुसता कोर्स केलेल्या लीगमध्ये फारसा फरक नव्हता. एकूण दुखापती खरोखर कमी झाल्या होत्या त्या, कोर्ससोबत पॉप वॉर्नरचे सरावाचे नियमही पाळणाऱ्या लीगमध्ये. मला यात नवल वाटलं नाही. चांगलं भिडायला शिकवण्यापेक्षा कमी भिडायला लावणं जास्त उपयोगी, एवढाच त्याचा अर्थ.

बारा वर्षांच्या आत टॅकल खेळलेल्यांना पुढे त्रास जास्त होतो का? बॉस्टन विद्यापीठाच्या 2017 च्या एका अभ्यासात तसा संबंध दिसला, दुसऱ्या काही अभ्यासांत दिसला नाही. जिवंत माणसात सीटीईचं खात्रीचं निदानच होत नाही, त्यामुळे हा वाद लवकर मिटणारा नाही.

मधेच एक आपल्याकडची गंमत. 2012 मध्ये भारतासाठी 'एलिट फुटबॉल लीग' निघाली, तिचा पहिला सीझन कोलंबोला झाला आणि त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघसुद्धा होता! ती फार टिकली नाही. चिंटूएवढ्या पोरांची एकही लीग खाली नसताना वर संघ उभे केले तर दुसरं काय होणार? दुसरी गोष्ट याहून बरी. टॅकल नसलेला, कमरेच्या पट्टीला लावलेला झेंडा ओढायचा तो फ्लॅग फुटबॉल 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, आणि हा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये झाला तो आपल्या मुंबईतल्या अधिवेशनात. क्रिकेटच्या बातमीत कोणाचं लक्षच गेलं नाही.

रविवारी खाली गेलो आणि सगळं सांगितलं. माझं मत विचारलं तेव्हा म्हटलं, "दादा, मी असतो तर बारा वर्षांचा होईपर्यंत फ्लॅगच. तुम्हाला कोच व्हायची हौस आहे तर तिथेही कोच लागतात." दादा थोडे हिरमुसले. वहिनींनी फॉर्म उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि माझ्यापुढे थालीपीठ ठेवलं. चिंटू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता तो फ्लॅगच्या संघात आहे. दादा सहायक कोच, आणि मी? मॅच संपल्यावर कमरेच्या पट्ट्या मोजून पिशवीत भरणारा. शिवाय प्रत्येक मुलाला किती चाली मिळाल्या याची एक्सेल शीट मी करून दिली आहे. कोणाचा आकडा मागे पडला की त्याची ओळ लाल होते. गेल्या शनिवारी शेवटचा मिनिट उरला असताना एक ओळ लाल झाली, संघातल्या सगळ्यात बुटक्या पोराची. मुख्य कोच म्हणाले, पुढच्या वेळी बघू. दादांनी काही न बोलता फोन त्यांच्यासमोर धरला. पोरगा आत गेला, त्याच्याकडे चेंडू आला, आणि त्याने तो सोडला. मॅच गेली. गाडीत चिंटू म्हणाला, "बाबा, तुमच्यामुळे हरलो." दादा काही बोलले नाहीत, पण आरशात माझ्याकडे बघत होते.

उद्या सकाळी नऊला पुढची मॅच आहे. बेंचवरच्या मुलांचे आकडे एकाने जास्त दाखवले जातायत, मॅक्रोमध्ये कुठेतरी बग आहे. तो आज रात्री बघायला हवा.