मळलेली चांदी

माझे आप्पा, म्हणजे आईचे वडील, पन्नास वर्षं चांदीकाम करत होते. पत्रा ठोकायचा, तार ओढायची, डाक लावायचा. मागच्या दिवाळीत मी त्यांच्यासमोर एक राखाडी गोळा ठेवला आणि म्हटलं, "आप्पा, ही चांदी आहे."

त्यांनी तो चिमटीत दाबून पाहिला. "ही तर कणीक आहे."

आम्ही दोघंही बरोबर होतो. मेटल क्ले म्हणजे चांदीची अतिशय बारीक पूड, तिला धरून ठेवणारा सेंद्रिय पदार्थ आणि पाणी. आकार द्यायचा, वाळवायचा, भाजायचा. भाजताना तो सेंद्रिय पदार्थ जळून जातो आणि चांदीचे कण न वितळताच एकमेकांना जुळतात. याला सिंटरिंग म्हणतात. जपानच्या मित्सुबिशी मटेरियल्स कंपनीत मासाकी मोरिकावा यांनी 1990 च्या सुमारास ही चांदी तयार केली. पहिला प्रकार 900 अंशांवर दोन तास भट्टीत ठेवावा लागायचा आणि पाव भागाहून जास्त आक्रसायचा. पुढचे प्रकार 10 ते 15 टक्क्यांवर आले, कमी उष्णतेत भाजू लागले आणि दागिना घडवणं हौशी माणसाच्या टेबलापर्यंत पोचलं.

पॉलिमर क्ले त्या टेबलावर आधीच येऊन बसली होती. प्रदर्शनांत रंगीबेरंगी कानातली दिसतात ना, ती. नावात क्ले असली तरी तिच्यात माती नाही. पीव्हीसी, त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं आणि रंग, एवढंच. घरच्या ओव्हनमध्ये 110 ते 130 अंशांना ती पक्की होते. तिची एक वाट जर्मनीतून येते. केथे क्रूझ या बाईंनी 1905 मध्ये आपल्या मुलीसाठी टॉवेलात वाळू भरून, डोक्याच्या जागी बटाटा बांधून बाहुली केली. त्यातून पुढे बाहुल्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. बाहुल्यांच्या डोक्यांसाठी आणलेलं एक प्लॅस्टिक कारखान्याच्या कामाचं ठरलं नाही. त्यांची दुसरी मुलगी सोफी, घरातली फीफी, त्याच्याशी खेळत राहिली. 1964 मध्ये तिची कृती एबरहार्ड फाबर कंपनीनं घेतली आणि ती फिमो या नावानं विकली जाऊ लागली. अमेरिकेतली स्कल्पीही अशीच आडवाटेनं आली. ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेण्यासाठी बनवलेलं ते मिश्रण त्या कामात नापास झालं होतं.

तंत्रं मात्र जुनीच. रंगीत वळ्या एकत्र रचून लांब रोल करायचा आणि अळूवडीसारख्या चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तेच फूल. मुरानोचे काचकारागीर हे शतकानुशतकं करत आलेत.

आणि 'पूड करा, मळा, भाजा' ही कृती तर त्याहून कितीतरी जुनी. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी जेमतेम मिलिमीटरभर आकाराचे मणी केले. गुजरातमधल्या झेकडा इथे ते हजारोंनी सापडले. बडोद्याच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. शंखजिऱ्यासारखा मऊ दगड दळून त्याचा लगदा करायचा, तो बारीक छिद्रातून शेवेसारखा दाबून काढायचा, तुकडे करायचे आणि भाजायचे. आचेत मऊ दगड कठीण होतो. आपण ज्याला नवं म्हणतो ते चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दाबून, कापून, भाजून झालं होतं.

हे सगळं वाचून मी आईसाठी अंगठी केली होती. आक्रसण्याचा हिशोब स्प्रेडशीटमध्ये मांडला. टॉर्चनं भाजताना टायमर लावला. माप अगदी बरोबर आलं. आईनं घातली आणि दुसऱ्याच दिवशी तिचे दोन तुकडे झाले. आच कमी पडली होती, कण नीट जुळलेच नव्हते.

म्हणून तो गोळा घेऊन मी आप्पांकडे गेले होते. मी नवी अंगठी वळली, वाळवली. आप्पांनी आपला जुना टॉर्च काढला आणि खोलीतला दिवा बंद करायला सांगितला. आधी थोडा धूर, मग छोटी ज्योत. मग अंगठी हळूहळू केशरी झाली. मी टायमर बघत होते, ते अंगठीकडे. रंग जरा उजळला की ते ज्योत मागे घेत, मंदावला की जवळ आणत. चांदी 962 अंशांना वितळते हे मला पाठ होतं. त्यांना तो आकडा माहीत नव्हता, पण त्याच्या आधीचा रंग माहीत होता.

थंड झाल्यावर अंगठी खडूसारखी पांढरी दिसत होती. पितळी ब्रशनं घासल्यावर चांदी वर आली. आप्पांनी ती हातोडीनं हलकेच ठोकून पाहिली.

"चांदी आहे," ते म्हणाले. "पण ठोकलेल्या चांदीइतकी घट्ट नाही. रोजच्या कामात घालू नकोस म्हणावं आईला."

त्यांनी पहिल्यांदा चिमटीत दाबलेला तुकडा मी वेगळा ठेवला होता. तोही भाजला. त्यावर त्यांच्या अंगठ्याच्या रेषा आहेत, मूळ मापापेक्षा थोड्या लहान. "हे कशाला ठेवलंस?" त्यांनी विचारलं. हातोडीनं हे जमलं नसतं, असं मी म्हटलं. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.